छतावरचा एसी आणि वाडीतली झोप

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात माणसाचा कान कुठे वाढला, यावर त्याला काय ऐकू येतं ते ठरतं. पश्चिमेला नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी ही किनाऱ्याची गावं. चिकूच्या वाड्या, सुरूची झाडं, आणि रात्री दहानंतर समुद्र सोडला तर फारसं काही नाही. पूर्वेला चारोटीवरून तलासरीकडे आणि पुढे आच्छाडच्या सीमा तपासणी नाक्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८. तिथे रात्र अशी होतच नाही. कंटेनर आणि टँकर यांची घरघर अखंड चालू असते. बोर्डीच्या माणसाला तलासरीत झोप येत नाही आणि तलासरीचा माणूस बोर्डीत आला की अस्वस्थ होऊन उठून बसतो, असं म्हटलं तर दोन्हीकडचे लोक मान डोलावतील.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चाकांवरचं घर घेऊन हिंडायचं, किंवा असं घर वाडीत उभं करून पाहुण्यांना द्यायचं, ही कल्पना मग मुंबईच्या जवळच्या किनाऱ्यांवर बोलली जाऊ लागली. या घरांच्या छतावर एक बुटकी पेटी असते. तोच त्यांचा एसी. पेटी आवाज फार करते आणि मागच्या पलंगावर हवा पोचवत नाही, ही तक्रार अशा गाड्या जिथे जिथे आहेत तिथे तिथे ऐकायला मिळते.

पुढचा संवाद मी रचलेला आहे. यातल्या बाई बोर्डीच्या, गणित-विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, चार एकर चिकूच्या मालकीण. मेकॅनिक त्यांचाच जुना विद्यार्थी. तलासरीला महामार्गाकाठी त्याचं गॅरेज आहे, ट्रक, बस आणि रुग्णवाहिका यांचे एसी हा त्याचा धंदा. बाईंनी जुनी कॅराव्हॅन विकत घेऊन वाडीत उभी केली आहे. दोघं माझ्या मनातले. प्रश्न मात्र खरे आहेत.

बाई: तुला बोलावलंय खरं, पण आधीच सांगते, माझ्या मते हे यंत्रच काढून टाकावं. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर आहे. लोक मुंबईहून वारा खायला येतात आणि खिडक्या लावून पेटीखाली झोपतात.

मेकॅनिक: वारा दिवसा असतो, बाई. तुम्हीच शिकवलं होतं. दिवसा जमीन तापते, वारा समुद्राकडून येतो. रात्री जमीन निवते आणि वारा उलटा फिरतो, तोही मरतुकडा. पाहुणा झोपायला जातो अकरा वाजता, नेमका तेव्हाच वारा पडलेला. मे महिन्यात दमट हवेत त्या डब्यात झोपून बघा एकदा.

बाई: डबा म्हणू नकोस, पैसे मोजलेत. बरं, एसी ठेवू. मग मोठा बसवू का? पाहुणे म्हणतात, दीड टनाचा हवा.

मेकॅनिक: आत्ता जो आहे तो किती थंडी बनवतो, ते आधी बघू. मग मोठ्याचं बोलू.

(इथे मेकॅनिक छताच्या आतल्या बाजूची जाळी काढतो. चार स्क्रू. मागे जे दिसतं ते बहुतेक मालकांनी कधी पाहिलेलं नसतं, म्हणून इथे थोडं थांबतो.)

छताला साधारण चौदा इंची चौकोनी भोक असतं. वर छतावर पेटी, खाली जाळी, मध्ये छताच्या जाडीएवढा चौकोनी पोकळ भाग. याच एका भोकातून खोलीतली गरम हवा वर जाते आणि थंड हवा खाली येते. मध्ये फक्त एक पातळ पडदा: कधी पत्र्याचा, कधी फोमचा, कधी नुसती चिकटपट्टी. थंड हवेला बाहेर पडताना काटकोनात वळून छतातल्या अरुंद डक्टमध्ये शिरावं लागतं. घरातल्या स्प्लिट एसीत हा प्रकार नाही. एका भोकातून येणं-जाणं, हीच या यंत्राची अडचण आहे आणि बाकीच्या बहुतेक तक्रारी तिच्याच पोटातून निघतात.

मेकॅनिक: अगरबत्ती आहे का?

बाई: देवाजवळची आणते. पूजा घालतोस की काय?

मेकॅनिक: घालतो, यंत्राची. आता बघा. ब्लोअर चालू केला. धूर परतीच्या बाजूला, म्हणजे हवा आत ओढली जाते तिकडे जायला हवा, जातोय. आता अगरबत्ती या मधल्या पडद्याच्या कडेला धरतो. धूर कुठे चाललाय?

बाई: थरथरतोय. पडद्याकडून परतीच्या बाजूला ढकलला जातोय.

मेकॅनिक: म्हणजे थंड हवा त्या फटीतून येतेय. टेप सुटलीय. उन्हाने गोंद वाळला, दमटपणाने कड उचलली. बोट घाला, पूर्ण जातं. थंड झालेली हवा खोलीत न येता इथूनच परत गार करणाऱ्या कॉइलवर जातेय. तुमचा एसी स्वतःलाच गार करत बसलाय.

बाई: मग खोली थंड नाही, पण यंत्र मात्र मधेच बंद पडतं, हे त्यामुळे?

मेकॅनिक: तापमान मोजणारा सेन्सर परतीच्या वाटेवर असतो. फटीतली थंड हवा त्याला लागते. त्याला वाटतं, खोली गार झाली. तो कॉम्प्रेसर बंद करतो. पाहुणा घामाघूम, यंत्र समाधानी. दुसरं असं की, कॉइलवर आधीच थंड झालेली हवा परत आली की कॉइल आणखी गार होतो, शून्याखाली जातो, पातळ पत्र्यांमध्ये बर्फ धरतो. बर्फ झाला की हवेची वाट बंद. नंतर तो वितळला की पाहुण्याच्या पलंगावर पाणी.

बाई: पाणी पडलं होतं! मला वाटलं, छत गळतंय. वर सिलिकॉन लावून घेतलं.

मेकॅनिक: सगळेच लावतात.

बाई: मग उपाय?

मेकॅनिक: मधला पडदा कडक फोमच्या पट्टीचा करायचा, नीट मापाने कापून. कडा ॲल्युमिनियमच्या फॉइल टेपने बंद. कापडाची टेप नाही, ती उन्हाळ्यात सुटते. मग डक्टची तोंडं. ही बघा, छताच्या फोममध्ये भोक पाडलंय आणि कडा उघड्याच. हवा डक्टमध्ये जाण्याऐवजी छताच्या पोकळीत जाते. आपल्या हवेत पोकळीत गार हवा गेली की पत्र्याला घाम सुटतो, प्लायवूड फुगतं. या कडाही टेपने लपेटायच्या. आणि जिथे हवा समोरच्या भिंतीवर आपटून दोन्हीकडे फाटते, तिथे उतरता, वाकवलेला पत्रा लावायचा, म्हणजे तिला वळण मिळेल. सामान फारसं नाही. वेळ जातो.

बाई: एवढ्यासाठी मोठा एसी घेणार होते मी.

मेकॅनिक: घेतला असता तर जास्त थंड हवा जास्त जोराने त्याच फटीतून परत गेली असती.

इथवर बाई आणि मेकॅनिक यांच्यात भांडण नाही. भांडण आवाजावर आहे, आणि तिथे मला दोघांचंही अर्धं पटतं.

बाई: फट बंद केलीस, छान. आता आवाज. मी गादीवाल्याकडून फोम आणून ठेवलाय. जाळीच्या मागे कोंबून टाक.

मेकॅनिक: नाही.

बाई: का नाही? फोम आवाज खातो, हे तरी खरं ना?

मेकॅनिक: खातो, पण हवाही खातो आणि पाणीही पितो. गादीचा फोम आठ दिवसांत ओला आणि महिन्याभरात काळा. मग पाहुणा विचारतो, वास कसला? बाई, माझा नियम साधा आहे: आधी हवा, मग आवाज. हवेची वाट अडवून शांतता आणायची नाही.

बाई: आणि माझा नियम: आधी झोप. तू महामार्गावर राहतोस. तुला ऐंशी डेसिबलमध्ये झोप लागते म्हणून जगाला लागत नाही.

मेकॅनिक: हे मान्य. पण एक गंमत बघा. ब्लोअर चालू आहे, मी परतीची जाळी हाताने झाकतो. ऐका.

बाई: आवाज... वाढला? बारीक झाला, चिरका.

मेकॅनिक: या ब्लोअरला हवा मिळाली नाही की त्याच्यावरचा भार हलका होतो, मोटर जरा जोरात पळते आणि किंचाळते. तुमचा फोम हेच करणार होता. मळलेला फिल्टरही हेच करतो. निम्म्या गाड्यांत आवाजाची तक्रार म्हणजे न धुतलेला फिल्टर.

बाई: म्हणजे हवेची वाट मोकळी केली तर आवाज कमी होतो, असं तुझं म्हणणं. सगळाच?

मेकॅनिक: जाळीवरचा तरी होतो. हवा जेवढ्या वेगाने फटीतून निघते तेवढी ती शीळ घालते. एका टनामागे मिनिटाला ३५० ते ४०० घनफूट हवा लागते. तुमचं यंत्र तासाला १३,५०० बीटीयूचं, म्हणजे टनापेक्षा थोडं जास्त. चारशे घनफूट धरू. तुमच्या जाळ्यांची मोकळी जागा सगळी मिळून अर्धा चौरस फूट असेल.

बाई: म्हणजे मिनिटाला आठशे फूट वेग. जागा एक चौरस फूट केली तर चारशे.

मेकॅनिक: आणि वेग निम्मा झाला की जाळीचा आवाज पंधरा डेसिबलच्या आसपास उतरतो. ठोकताळा आहे, पण काम देतो.

बाई: दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो. पंधरा म्हणजे चांगलंच. जाळी मोठी कर. फोमचं विसरले मी.

मेकॅनिक: विसरू नका, फोम लागेल, पण दुसरीकडे. खाली उभं राहून जाळीतून वर बघा. काय दिसतं?

बाई: ब्लोअरचं चाक.

मेकॅनिक: चाक दिसतं म्हणजे त्याचा आवाज सरळ तुमच्या कानावर येतो. परतीच्या वाटेला एक वळण द्यायचं. हवा वळेल, चाक दिसणार नाही. वळणाच्या भिंतींना आवाज शोषणारा, पाणी न पिणारा थर. फक्त जागा कमी करायची नाही. वळण द्यायचं तर डबा आधीपेक्षा रुंद करायचा. आणि तो पलंगाच्या डोक्यावर यायला नको.

बाई: आणि ब्लोअर हळू फिरवला तर?

मेकॅनिक: हे गणित तुमचं. हवा वेगाच्या पटीत, दाब वेगाच्या वर्गात, वीज घनात.

बाई: वेग वीस टक्के कमी केला तर हवा ०.८, दाब ०.६४, वीज ०.५१. निम्मी वीज! आणि आवाज?

मेकॅनिक: पाचेक डेसिबल खाली.

बाई: मग रात्रभर तसाच चालव. शिवाय हवा कॉइलवर रेंगाळली की पाणी जास्त निघेल. इथे गारव्यापेक्षा कोरडेपणाची गरज जास्त आहे.

मेकॅनिक: बरोबर, पण एका हद्दीपर्यंत. हवा फार कमी केली की परत बर्फ. फट बुजवलेली असेल आणि फिल्टर स्वच्छ असेल तरच हळू चालवायचं. मी जाळीत आणि परतीत थर्मामीटर लावून बघतो. नऊ ते बारा अंशांचा फरक असला की ठीक. तुमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर तो फरक कमी दिसेल, कारण यंत्राची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात खर्च होते. तेव्हा घाबरून गॅस भरून घेऊ नका.

गॅस भरण्याबद्दल मला एक वाक्य घालू द्या. छतावरच्या या पेट्या कारखान्यातूनच बंद होऊन येतात. गळती नसेल तर त्यांना गॅस लागत नाही. तरीही ‘गॅस कमी आहे’ हे निदान आपल्याकडे सगळ्यात आधी होतं, कारण ते करायला जाळी काढावी लागत नाही.

मेकॅनिक: आणखी एक विचारतो. हे यंत्र कुठलं? पाटीवर ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ दिसतंय.

बाई: बाहेरून आलेलं. विकणाऱ्याने ट्रान्सफॉर्मर लावून दिलाय.

मेकॅनिक: ट्रान्सफॉर्मर २३० चे ११५ व्होल्ट करतो, ५० चे ६० हर्ट्झ करत नाही. मोटर फ्रिक्वेन्सीवर फिरते. म्हणजे तुमचा ब्लोअर पहिल्या दिवसापासून एक षष्ठांश हळू फिरतोय.

बाई: म्हणजे मी मागते ती मंद गती मला फुकट मिळालीय?

मेकॅनिक: फुकट नाही. पूर्ण व्होल्टेज आणि कमी फ्रिक्वेन्सी म्हणजे मोटर जास्त करंट ओढते, तापते, गुणगुणते. तो खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज ऐकू येतोय ना, तो यातलाही असू शकतो. आणि कॉम्प्रेसरही तसाच तापतो. हा जळाला की इथल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर चालणारं यंत्र घ्या, किंवा आत्ताच नीट इन्व्हर्टर लावून त्यातून ६० हर्ट्झ काढा. हवा कमी पडण्याचं एक कारण इथेही आहे.

बाई: आणि छताचं थरथरणं?

मेकॅनिक: वर चढून बघितलं. पेटी आणि छत यांच्यामध्ये रबरी फोमची गॅस्केट असते. चार बोल्ट आवळले की ती जाडीने साधारण निम्मी व्हायला हवी. कुणीतरी जीव खाऊन आवळलीय, चपटी झालीय. आता कॉम्प्रेसरचा प्रत्येक धक्का थेट पत्र्यात उतरतो आणि अख्खं छत ढोलासारखं वाजतं. नवी गॅस्केट, आणि बोल्ट मापात. ढिले ठेवले तर पावसाळ्यात पाणी आत.

इथपर्यंत मेकॅनिक जिंकत आलेला आहे. खरंच, बाईंची शांतता आणि त्याची हवा यांच्यात वैर नव्हतंच. एकाच गळक्या, अरुंद, मळक्या वाटेने दोन्ही बिघडवली होती. पण बाईंचा मुख्य मुद्दा अजून यायचाय, आणि तो गाडीच्या आत नाही.

बाई: आता बाहेर ये. इथे, कुंपणाजवळ. तिकडे वाडीत काम करणाऱ्यांची घरं आहेत. तू आतला आवाज कमी केलास. हा कोण कमी करणार?

मेकॅनिक: हा कंडेन्सरचा पंखा आणि कॉम्प्रेसर. गरमी बाहेर टाकायची तर हवा बाहेर फेकावीच लागते.

बाई: आतला पाहुणा झोपतो, बाहेरचा माणूस जागा राहतो. पहाटे त्याला चिकू उतरवायला चढायचंय. रात्री दहा ते सकाळी सहा, रहिवासी भागात ४५ डेसिबल, असं २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात. इथे किती असेल?

मेकॅनिक: मोबाइलवर बघतो, अंदाजाला. गाडीपासून तीन मीटरवर साठच्या आसपास.

बाई: उघड्यावर अंतर दुप्पट केलं की सहा डेसिबल उतरतात. सहा मीटरवर ५४, बारावर ४८, चोविसावर ४२. माझी गाडी त्या घरांपासून दहा मीटरवर उभी आहे. म्हणजे जवळपास पन्नास.

मेकॅनिक: बाई, माझ्या घराशेजारी रात्रभर ट्रक चालू असतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकला केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय. चांगलंच झालं, ड्रायव्हर भाजून निघायचे. पण ट्रकच्या एसीला इंजिन चालू लागतं. तलासरीच्या ढाब्यावर ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून झोपेल तेव्हा ४५ डेसिबल कोण मोजणार?

बाई: तिथे कुणी मोजत नाही, हे इथे न मोजायचं कारण नाही. हा डहाणू तालुका आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने तो पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. पुढे न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखालचं प्राधिकरण आलं, म्हणून आज इथे वाड्या शिल्लक आहेत.

मेकॅनिक: त्या अधिसूचनेत एसी नाही. ती कारखान्यांसाठी.

बाई: नाही, एसी नाही त्यात. म्हणून तर मला स्वतः ठरवायचंय. मी पाहुण्यांना वाडीतली शांतता विकते, आणि ती ज्यांच्याकडून घेते त्यांना त्यातलं काही मिळत नाही.

मेकॅनिक: मग जनरेटर तर अजिबात नको. नियमातला जनरेटरसुद्धा एक मीटरवर ७५ डेसिबलपर्यंत चालतो.

बाई: जनरेटर नाहीच. लाइन घेतलीय. पण कंडेन्सरला तू पेटी घालून देशील? भोवती भिंत?

मेकॅनिक: घातली तर फेकलेली गरम हवा परत त्याच्याच तोंडात जाईल. कॉम्प्रेसर जास्त वेळ चालेल, म्हणजे आवाजही जास्त वेळ. आत जे तुम्ही फोमने करणार होता तेच बाहेर भिंतीने होईल. बाहेर एकच उपाय: यंत्राला कमी काम द्या. ते कमी वेळ चाललं की शेजारी जास्त वेळ झोपला.

बाई: काम कमी कसं?

मेकॅनिक: भर दुपारचं ऊन चौरस मीटरला एक किलोवॉटच्या आसपास. तुमचं छत दहा चौरस मीटर. म्हणजे दहा किलोवॉट छतावर पडतात. पांढरं छत त्यातले बरेच परतवतं, बाकीचे आत यायला बघतात. आणि तुमचं यंत्र सगळं मिळून चार किलोवॉट गरमी बाहेर काढतं, तेही फट नसली तर. गाडी उन्हात उभी का केलीत? चार एकर चिकू आहे, झाड बारा महिने हिरवं, सावली दाट.

बाई: चिकूखाली? पिकला चिकू वरून पडतो, छत चिकट. रात्री वटवाघळं येतात. एक पाहुणी किंचाळत बाहेर आली होती. पानं त्या पंख्यात जातात.

मेकॅनिक: पानं जातातच. वर जाड जाळी लावू, दर आठवड्याला झाडू. आणि समुद्राचं मीठ कंडेन्सरच्या पत्र्या खातं. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुवा, हलक्या हाताने. गाड्या धुवायच्या प्रेशरच्या पाइपने नाही, पत्र्या आडव्या होतात. वाकलेल्या असतील तर त्यांची फणी मिळते, तिने सरळ करून देतो. पण पेटीच्या वर आणि भोवती फांदी नको. हवेला मोकळी जागा हवी.

बाई: म्हणजे फांद्या छाटायच्या. धरत्या फांद्या.

मेकॅनिक: दोन. तिसरी नुसती बांधून घेऊ. किंवा सुरूखाली लावा, तिथे फळाचं दुखणं नाही.

बाई: सुरूची सावली विरळ. आणि तिथे वाळू. नाही, चिकूच. दक्षिणेच्या बांधाला जुनी झाडं आहेत. तिथून घरं चाळीस मीटर तरी लांब. पण मग पाहुण्यांना नियम लावणार मी. रात्री दहानंतर ब्लोअर मंद. आणि तापमान सव्वीसच्या खाली नाही.

मेकॅनिक: पाहुणे ऐकतील?

बाई: दर कमी करते त्या अटीवर. ऐकतील.

मला इथे बाईंचं पटत नाही, असं सांगून टाकतो. पैसे भरून आलेला माणूस मध्यरात्री अठरावर बटण नेतो. अटी भिंतीवर राहतात. बटणच अडवता येईल असा नियंत्रक मेकॅनिक बसवू शकतो, आणि मी बाईंच्या जागी असतो तर तेच केलं असतं. पण बाई शिक्षिका आहेत, त्यांचा माणसावर विश्वास आहे.

मेकॅनिक: ठरलं मग. मधला पडदा, डक्टच्या कडा, वळणाचा पत्रा, मोठी जाळी, परतीचा डबा, गॅस्केट. इन्व्हर्टरचं नंतर बघू. सॉफ्ट स्टार्टर कुणी विकायला आला तर एवढं लक्षात ठेवा, तो सुरू होतानाचा दणका आणि करंटची उसळी कमी करतो, चालतानाचा आवाज नाही.

बाई: आणि फिल्टर?

मेकॅनिक: पंधरा दिवसांनी धुवायचा. तुमच्याकडे धूळ कमी, पण उशांचा कापूस असतो. पाहुणा बदलला की बघायचा. चला, आधी गाडी त्या बांधाला नेऊ, म्हणजे मी सावलीत काम करतो. किल्ली द्या.

बाई: किल्ली आहे. गाडी चालू होत नाही.

मेकॅनिक: म्हणजे?

बाई: आणल्यापासून हललीच नाही ती. बॅटरी उतरलीय, आणि मागचं एक चाक मातीत बसलंय.

मेकॅनिक: चाकांवरचं घर घेतलंत ना?

बाई: घेतलं. आता ट्रॅक्टर कुणाचा मागवू ते सांग.

मेकॅनिक: ट्रॅक्टर नको, चेसिस वाकेल ओढताना. तलासरीहून माझी बॅटरी आणि जॅक आणतो. तोवर त्या दोन फांद्यांवरचे चिकू उतरवून घ्या.